तुकड्याच्या आधी भिंग

विदर्भातल्या दवाखान्यांत बायोप्सीला बायोप्सी कोणी म्हणत नाही, 'तुकडा' म्हणतात. "तुकडा पाठवाचा म्हणते डॉक्टर," असं बाकावरच्या एकाने शेजारच्याला सांगितलं की शेजाऱ्याचाही चेहरा उतरतो, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी दोघंही येत नाहीत. गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो, ही समजूत गावोगावी आहे. तिला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही पहिली काही वर्षं तसंच करायचो. पण त्या नकारामागे हिशेबही असतो. तुकडा द्यायला एक खेप, टाके काढायला दुसरी, रिपोर्टला तिसरी. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं, आपली मजुरी, सोबत येणाऱ्या पोराची मजुरी. आणि एवढं करून रिपोर्टात निघतं 'साधी चामखीळ'. एका माणसाचा तुकडा असा वाया गेला की त्या गावातली पुढची दहा माणसं तुकडा द्यायला तयार होत नाहीत, आणि त्या दहांत एखादा खरा कॅन्सरवाला असू शकतो.

मी त्वचारोगाचा डॉक्टर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस बसतो. माझं म्हणणं लहानसं आहे. विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक डर्मोस्कोप असावा आणि तो वापरायला नीट शिकलेला एक वैद्यकीय अधिकारी असावा. तुकड्याला पर्याय म्हणून मी हे मागत नाही. तुकडा कोणाचा घ्यायचा, कुठून घ्यायचा आणि कोणाचा मुळीच घ्यायचा नाही, हे तालुक्यातच ठरावं म्हणून मागतो.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो, कारण तिच्या नावाने गोंधळ होतो. "दुर्बिणीने पाहतो," असं मी एका आजोबांना म्हणालो, तर ते उठून दारापर्यंत गेले. "नाकातून नळी टाकता का जी?" आमच्याकडे दुर्बीण म्हणजे एंडोस्कोपी, आणि ती कोणालाच नको असते. तेव्हापासून मी 'भिंग' म्हणतो. आहेही ते भिंगच. मुठीत मावणारं, साधारण दहा पट मोठं दाखवणारं, सोबत दिवा असलेलं. पण घड्याळजीच्या भिंगाने जे दिसत नाही ते याने दिसतं, कारण कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर प्रकाश परतवतो आणि त्या चमकेमुळे आपली नजर खाली पोचत नाही. त्यावर जेलीचा थेंब ठेवून काच टेकवली, किंवा ध्रुवीकृत प्रकाश वापरला, की चमक जाते. ओढ्याचं पाणी वाऱ्याने हलत असताना तळ दिसत नाही आणि वारा पडला की गोटे मोजता येतात, तसं. सोनोग्राफीची जेली चालते, हात धुवायचं सॅनिटायझर चालतं, काहीच नसलं तर खोबरेल तेलही चालतं. सुई नाही, कापाकापी नाही, भूल नाही. एका डागाला एक-दोन मिनिटं पुरतात.

आता ज्या आजारासाठी हे मागतो आहे त्याच्याकडे येतो. बेसल सेल कार्सिनोमा हा जगात सगळ्यात जास्त आढळणारा त्वचेचा कॅन्सर. गोऱ्या लोकांच्या देशांत तो इतका नेहमीचा आहे की अनेक ठिकाणच्या कर्करोग नोंदणीत त्याची मोजदादही होत नाही. आपल्याकडे तो कमी आहे. मेलॅनिनने, म्हणजे कातडीतल्या काळ्या रंगद्रव्याने, आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखलं आहे, आणि नवतप्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेला तरी ते काम सुरूच असतं. भारतात सगळे त्वचेचे कॅन्सर मिळून एकूण कर्करोगांच्या एक-दोन टक्क्यांतच बसतात. बेसल सेल बहुतेक चेहऱ्यावर होतो : नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या खालच्या कडेला, कानशिलावर. डोक्याला दुपट्टा बांधून डवरणी करणाऱ्या माणसाच्या तोंडाचा जेवढा भाग उघडा राहतो, साधारण तेवढाच. तो दुसऱ्या अवयवांत क्वचितच जातो, माणूस सहसा मारत नाही. पण जिथे असतो तिथलं खातो. १८२७ मध्ये डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी पापण्या आणि चेहऱ्यावरच्या अशा जखमांचं वर्णन केलं, आणि पुढे त्यांना उंदराने कुरतडल्याच्या जखमेचं नाव पडलं. वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं.

पाठ्यपुस्तकात तो मोत्यासारखा चकचकीत, गुलाबी, वर बारीक रक्तवाहिन्या असलेला दाखवतात. ती चित्रं गोऱ्या कातडीची आहेत. आपल्याकडे तो बहुतेक वेळा काळा असतो. गोऱ्या लोकांत रंगीत बेसल सेल शंभरात सहा-सात, आशियाई लोकांत निम्म्याहून जास्त. म्हणजे आमच्या पेशंटच्या तोंडावर तो येतो तेव्हा तीळ दिसतो, चामखीळ दिसतो, म्हातारपणी उठणारा काळा खवला दिसतो. आणि तीळ घेऊन डॉक्टरकडे कोण जातं? चामखिळीला घोड्याचा केस बांधतात. चुना आणि पापडखार लावतात. बिब्ब्याचा चटका देतात. बिब्ब्याने जळलेल्या कातडीवर मग खरी जखम होते, तिच्यावर मेडिकल स्टोअरमधली ट्यूब येते, आणि दोन-तीन वर्षं सरतात.

पेशंटला बोल लावण्याआधी माझा हिशेब देतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एक आजी आली होती. निंदणाला जाणारी, साठीच्या पुढची. डाव्या डोळ्याखाली तुरीच्या दाण्याएवढा काळा, गुळगुळीत उंचवटा. मी पाहिला, बोट फिरवलं, "तीळच आहे, राहू दे" म्हणालो. ती खूश झाली, मीही तपासणीचे पैसे घेतले नाहीत. चार वर्षांनी ती परत आली तेव्हा खालच्या पापणीची कड उरली नव्हती आणि डोळ्यातून सारखं पाणी गळत होतं. ऑपरेशन नागपूरला झालं, पापणी नवी बांधावी लागली. डर्मोस्कोप त्या दिवशी माझ्याकडे नव्हता असंही नाही. तो शहरातल्या दवाखान्यात होता, केस गळण्याच्या तपासणीसाठी. तालुक्याच्या गावी कशाला न्यायचा, असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी तो टेकवला असता तर काय दिसलं असतं? तीळ असता तर तपकिरी रेषांची जाळी दिसली असती, मच्छरदाणीसारखी, किंवा चेहरा असल्यामुळे केसांच्या छिद्रांभोवती विणलेली. बेसल सेलमध्ये ही जाळी नसते. तिच्याऐवजी निळसर करडे अंडाकृती गोळे, निळ्या ठिपक्यांचे पुंजके, मॅपलच्या पानासारखे तपकिरी डाग, मध्ये काळा आस आणि भोवती आऱ्या असलेली चाकं, न भरलेली जखम, आणि झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जाणाऱ्या ठळक लाल रक्तवाहिन्या. ऑस्ट्रेलियाच्या स्कॉट मेंझीस यांनी २००० मध्ये नियम मांडला तो इतकाच : जाळी नसावी, आणि या सहापैकी किमान एक खूण असावी. आमच्याकडे मॅपल कोणी पाहिलेला नाही. मी शिकाऊ डॉक्टरांना भेंडीचं पान म्हणून सांगतो, आकार बराच जवळ जातो.

रंग निळा का, हा प्रश्न मात्र विदर्भात समजावणं सगळ्यात सोपं आहे. गोंदण बघा. गोंडांच्या आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण काजळीनेच करतात, तरी ते काळं न दिसता निळं-हिरवं दिसतं. रंग कातडीत खोल गेला की वर येणारा प्रकाश निळा होऊन येतो. मेलॅनिनचं तसंच : अगदी वर असलं तर काळं, बाह्यत्वचा आणि आतली त्वचा जिथे जुळतात तिथे तपकिरी, त्याखाली उतरलं की करडं आणि मग निळं. म्हणजे भिंगाखालचा रंग हा खोलीचा मापदंड आहे. (गोंदलेल्या बाईच्या गालावरचा ठिपका पाहताना मात्र आधी विचारून घ्यावं. मी एकदा गोंदणाचा ठिपका मोठ्या गंभीरपणे पाहत बसलो होतो आणि ती हसत होती.)

नुसतं ओळखणं हा अर्धाच फायदा. दुसऱ्या अर्ध्याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि खेड्यातल्या माणसाचा खर्च त्यावरच ठरतो. बेसल सेल कार्सिनोमा एका जातीचा नसतो. सगळ्यात जास्त आढळतो तो गाठीचा, नोड्युलर. त्यात फांद्यांसारख्या जाड रक्तवाहिन्या अगदी स्पष्ट दिसतात आणि काळ्या कातडीत सोबत निळे गोळे. कड ठळक, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि धोकादायक जागी नसला, तर ४ मिलिमीटरची निरोगी किनार घेऊन कापला की शंभरात ९५ वेळा पूर्ण निघतो. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणचा सर्जन करू शकतो. दुसरा उथळ, सुपरफिशियल. तो चट्ट्यासारखा पसरतो, बारीक आखूड रक्तवाहिन्या, छोट्या छोट्या खपल्या, पानासारखे डाग आणि चाकं दाखवतो. त्याला अनेकदा चाकूची गरज लागत नाही. इमिक्विमॉडचं मलम आठवड्यात पाच रात्री, सहा आठवडे लावून तो जाऊ शकतो. आणि तिसरा सगळ्यात लबाड, मुळं धरणारा, मॉर्फिआफॉर्म किंवा इन्फिल्ट्रेटिव्ह म्हणतात तो. वरून पांढुरक्या, घट्ट, व्रणासारख्या चट्ट्याएवढाच दिसतो. भिंगाखाली चिनी मातीसारखी पांढरी जागा आणि विरळ, बारीक रक्तवाहिन्या. दिसतो त्यापेक्षा कितीतरी लांब तो पसरलेला असतो. यावर तालुक्यात कोणी ब्लेड चालवलं तर तो परत यायची भीती मोठी, आणि परत आलेल्या बेसल सेलची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड. हा पेशंट पहिल्याच दिवशी मोठ्या ठिकाणी गेला पाहिजे.

एक मलमाने घरी, एक जिल्ह्यात, एक थेट नागपूरला. हे तीन रस्ते कातडीच्या वरून वेगळे दिसत नाहीत, भिंगाखाली बरेचदा दिसतात. बरेचदा, नेहमी नाही. उथळ प्रकार इतरांपासून वेगळा करण्यात प्रशिक्षित डोळ्याचा अंदाज साधारण पाचात चार वेळा बरोबर येतो. म्हणून मलम देण्याआधी तुकडा लागतोच. पण तुकडा तीन-चार मिलिमीटरचा असतो, आणि एकाच गाठीत दोन प्रकार शेजारी शेजारी असू शकतात. नेमक्या चुकीच्या जागचा तुकडा घेतला तर पॅथॉलॉजिस्टने शंभर टक्के बरोबर वाचूनही उत्तर अर्धवट राहतं. भिंग जागा दाखवतं. लोकांना तुकड्याची भीती आहे म्हणून तुकडा टाळावा असं मी म्हणत नाही. एकदाच घ्यावा आणि तो बरोबर जागचा घ्यावा.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यातला एक मला खरंच वजनदार वाटतो. सोयाबीनच्या हंगामात साप चावलेला माणूस येतो तेव्हा लस आहे का, हे आधी बघा. बाळंतपणाला भूलतज्ज्ञ आहे का ते बघा. आणि कॅन्सरच म्हणाल तर पानठेल्यावर प्लॅस्टिकवर घासून पुडीत बांधलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा बघा. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या गालात तो आहे, आणि तोंडाच्या कॅन्सरपुढे बेसल सेल काहीच नाही. हे सगळं खरं आहे. दोन टक्क्यांच्या आतल्या आजारासाठी स्वतंत्र मोहीम मागितली तर मीच विरोध करीन. आरोग्य उपकेंद्रांत तिशीनंतरच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. त्यात त्वचा नाही, आणि चौथा कॅन्सर म्हणून ती घालावी असं माझं म्हणणं नाही. मी मागतो ते एक उपकरण. साधं काही हजारांत येतं, भारी लाखाच्या पुढे जातं, आणि बेसल सेल हे त्याचं एकच काम नाही. तालुक्याच्या ओपीडीत रोज येणाऱ्या पेशंटांत त्वचेच्या तक्रारी किती असतात, हे कोणत्याही मेडिकल ऑफिसरला विचारा. खरजेचा किडा भिंगाखाली तपकिरी त्रिकोणी टोकासारखा दिसतो, घरभर वाटलेल्या औषधाचा अंदाज तिथेच संपतो. त्वचेच्या क्षयात पिवळट नारिंगी भाग दिसतो. म्हातारपणच्या निरुपद्रवी काळ्या खवल्यात मोत्यासारखे पांढरे ठिपके आणि काळी भोकं दिसतात, आणि "कॅन्सर तर नाही ना" म्हणून रात्र रात्र न झोपलेल्या माणसाला घरी पाठवता येतं.

मला तर वाटतं, माणसं घरी पाठवणं हीच या भिंगाची सगळ्यात मोठी कमाई ठरेल. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या घरात, आणि नागपूर त्याच्याही पुढे. ज्याला जायची गरज नाही त्याचे ते किलोमीटर वाचले, तर ज्याला गरज आहे त्याच्यासाठी 'मेडिकल'मधला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला, बाक मोकळा होतो.

एक धोका आणखी आहे, तो उत्साही लोकांनी लपवू नये. भिंग हातात आल्याने डोळा येत नाही. न शिकलेल्या माणसाने डर्मोस्कोप वापरला तर त्याचं निदान नुसत्या डोळ्यापेक्षा सुधारत नाही, कधी कधी बिघडतं, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. शिकलेल्याच्या हातात मात्र फरक मोठा. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात नेमकेपणा, म्हणजे बेसल सेल नसलेल्याला 'नाही' म्हणण्याचं प्रमाण, ८० टक्क्यांवर धरून तुलना केली, तेव्हा समोरासमोर पाहून शंभरातले ७९ बेसल सेल ओळखले जात होते, भिंग जोडल्यावर ९३. पण हे आकडे मुख्यतः गोऱ्या कातडीचे आणि तज्ज्ञांच्या दवाखान्यांतले आहेत, ते तसेच्या तसे उचलून कळंब-मारेगावला लावता येणार नाहीत. आमच्या कातडीत लाल रक्तवाहिन्या सावळ्या रंगाखाली दबतात, त्यामुळे निळे-करडे गोळे जास्त उपयोगी पडतात. शिवाय आमच्याकडच्या काही अडचणी कोणत्याच परदेशी पुस्तकात नाहीत. वांग घालवायला म्हणून वर्षानुवर्षं लावलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या क्रीमने बायकांच्या गालांची कातडी इतकी पातळ झालेली असते की भिंगाखाली लाल वाहिन्यांचं जंगल दिसतं, आणि नवशिक्याला त्यात बेसल सेलच्या फांद्या दिसू लागतात. बिब्ब्याने किंवा चुन्याने भाजलेल्या गाठीवर नुसती खपली असते, खालच्या खुणा पुसलेल्या. अशा वेळी भिंगाचं उत्तर 'माहीत नाही' हेच असतं, आणि ते उत्तर द्यायला शिकणं हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे.

म्हणूनच मोबाइलला लावायचं भिंग आणि उत्तर देणारं ॲप प्रत्येक आशाताईच्या हाती द्या, ही जी भाषणं ऐकू येतात त्यांच्याशी माझं जमत नाही. ज्या चित्रांवर ती यंत्रं शिकली त्यात सावळे चेहरे फार थोडे आहेत. आशाताईला आधीच पुरेशी रजिस्टरं भरायला आहेत. आणि भिंग प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलं तर महिन्याला एखादाच संशयास्पद डाग येईल. एवढ्यावर कोणाचाच डोळा तयार होत नाही. ग्रामीण रुग्णालयात अख्ख्या तालुक्याचा ओघ येतो, तिथे हात बसतो. तिथल्या अधिकाऱ्याने फोटो काढावा, आणि शंका असेल तो ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवरून यवतमाळ, सेवाग्राम, अकोला, चंद्रपूर, जे जवळ असेल त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागाला दाखवावा. फोटो पाहणाऱ्याने 'पाठवा' म्हटलं तर तारीख देऊनच पाठवावं, नुसत्या चिठ्ठीवर नाही. आमच्या भागात 'रेफर' हा शब्द लोकांनी इतका ऐकला आहे की चिठ्ठी खिशात घेऊन माणूस सरळ घरी जातो.

पण या माणसाला तालुक्यापर्यंत आणणार कोण? इथे विदर्भाकडे एक गोष्ट आहे जी फार थोड्या प्रदेशांकडे असेल. कातडीकडे बघण्याची आमची जुनी सवय. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची कुष्ठसेवा केली. त्याआधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम उभं केलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. आजही कुष्ठरोग शोध मोहीम निघते तेव्हा आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक घरोघरी जाऊन माणसांच्या पाठी, हात, पाय उघडून बघतात : चट्टा आहे का, त्यावर स्पर्श कळतो का. अंगावरचा चट्टा अनोळखी माणसाला दाखवण्याची लाज मोडायला इथे कित्येक दशकं गेली आहेत. तो पूल तयार आहे.

त्यावरून जायला एकच प्रश्न वाढवायचा. "तोंडावर, नाकाजवळ, डोळ्याखाली तीन महिन्यांत न भरलेली जखम किंवा वाढत चाललेला काळा तीळ आहे का?" हो म्हटलं की तालुक्याला. आशाताईने निदान करायचं नाही, भिंग हाताळायचं नाही, नवीन रजिस्टर नाही. कुष्ठाच्या नजरेला एक अडचण मात्र आहे आणि ती मोहिमेतल्या माणसांनी मला स्वतःच सांगितली : ज्या चट्ट्यावर स्पर्श कळतो तो 'आपला नाही' म्हणून सोडून द्यायची सवय लागते. बेसल सेलवर स्पर्श कळतो, तो सहसा दुखत नाही, खाजत नाही. म्हणजे तपासणारा अगदी समोर उभा असतानाही तो निसटतो. प्रश्न वेगळा विचारायला हवा तो यासाठी.

जुन्या कुष्ठरुग्णांच्या बधिर तळपायांवर रात्री खरेखुरे उंदीर कुरतडतात, हे ज्यांनी त्या वसाहतींत काम केलं आहे त्यांना माहीत आहे. त्या पायांच्या वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमांत क्वचित दुसऱ्या जातीचा कॅन्सर, स्क्वामस सेल, उठतो. तिथे भिंगावर विसंबून राहू नये, फुलकोबीसारखा कोंब दिसला की थेट तुकडा. पण पाय आलेच आहेत तर तळवेही बघावेत. भारतीयांत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा घातक कॅन्सर, फार कमी होतो. होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, आणि अनवाणी वावरणाऱ्या माणसाला तो काटा मोडल्याचा काळा डाग वाटतो. तळव्यावर बोटांच्या ठशांसारखे कंगोरे आणि खोबणी असतात. भिंगाखाली रंग खोबणीत भरलेला दिसला तर बहुधा साधा तीळ. कंगोऱ्यावर दिसला तर त्याच आठवड्यात पाठवायचं. बेसल सेल वाट पाहतो, मेलॅनोमा पाहत नाही.

पैशाचं म्हणाल तर उपचारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. अडतं ते त्याच्या आधी. योजना निदान झाल्यावर सुरू होते, आणि निदानापर्यंतचा सगळा खर्च, म्हणजे खेपा, मजुरी, ट्यूबा, माणूस स्वतः सोसतो. म्हणून तर तो चार वर्षांनी येतो. उपकरणाचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून सहज निघेल. त्या निधीतून आलेली यंत्रं प्लॅस्टिकच्या आवरणासकट कपाटात असलेली मी पाहिली आहेत, म्हणून खरेदीच्या आधी माणूस ठरवावा. ज्या रुग्णालयाचा डॉक्टर महाविद्यालयाच्या त्वचाविभागात काही दिवस बसून शिकून येईल, आणि वर्षभर दर महिन्याला आपले फोटो आणि आपले चुकलेले अंदाज तिथे दाखवेल, तिथेच भिंग द्यावं. बदली झाली तर पुढच्याने शिकेपर्यंत ते परत घ्यावं. कठोर वाटेल. पण कुलूपबंद भिंगाने कोणाची पापणी वाचत नाही, आणि न शिकलेल्या हातातलं भिंग "तीळच आहे, राहू दे" हे वाक्य आणखी खात्रीने म्हणायला लावतं.

नागपूर आणि वर्ध्याला लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी आहे. वर्षाला किती बेसल सेल नोंदले जातात यापेक्षा, नोंदले गेले तेव्हा ते केवढे होते, हे मला तिथून कळायला हवं आहे. तुरीच्या दाण्याएवढे की रुपयाएवढे. तालुक्यात भिंग ठेवल्याचा फायदा झाला की नाही, हे त्या मापावरून पाच वर्षांत समजेल, आणि झाला नसेल तर ही मागणी मागे घ्यायला माझी हरकत नाही.

माझा डर्मोस्कोप आता शहरात नसतो, शबनम पिशवीत असतो. मागच्या मंगळवारी एक बाई नवऱ्याच्या औषधासाठी आली होती. पैसे देताना पदर सरकला तेव्हा नाकाच्या कडेला काळा ठिपका दिसला. "हा कधीपासून?" "त्याचं काय जी, तीळ हाये तो, दोन सालाचा असन." मी जेलीचा थेंब ठेवला. जाळी नव्हती. तीन निळे गोळे होते. ती येत्या गुरुवारी सेवाग्रामला जाते आहे. तुकडा कुठून घ्यायचा ते मी चिठ्ठीवर चित्र काढून दिलं आहे, आणि तिच्या पोराकडून भाड्याची सोय झाली का हे बुधवारी फोन करून विचारायचं आहे.